बर्फातील कोंबडी आणि चूल

बुलढाण्यानजीकचे देऊळघाट हे पैनगंगेकाठचे गाव. अशा गावी कोंबडी म्हटली म्हणजे ती समोर कापून घ्यावयाची आणि तासा-दोन तासांत चुलीवर चढवावयाची, अशी जुनी वहिवाट. त्या वहिवाटीत एक शहाणपण होते. मांसाला बिघडावयास अवसरच मिळत नसे. आता फ्रीज घरोघर आले. रविवारी आणलेल्या कोंबडीपैकी निम्मी शिजते, निम्मी फ्रीझरमध्ये जाते, आणि गुरुवारी दिवेलागणीस पाहुणे दारात उभे राहिले म्हणजे तो दगडासारखा गोळा हाती घेऊन गृहिणी विचारात पडते : हा असाच पातेल्यात टाकला तर चालेल काय? सासूबाई नको म्हणतात, सून म्हणते वेळ कोठे आहे, आणि वाद मिटविण्यास कोणीच समर्थ नसतो.

शास्त्राचा कौल या वादात सुनेच्या बाजूचा आहे. मात्र तो सशर्त आहे. गोठलेली कोंबडी न वितळविता शिजविण्यास हरकत नाही, असे अमेरिकेचे कृषिखातेही सांगते. अट एकच : मांसाचा सर्वांत आतील भाग ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जातींचे जंतू असू शकतात. थंडीने ते मरतात असा पुष्कळांचा समज आहे, पण तो खरा नव्हे. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये जंतूंची वाढ थांबते एवढेच. त्यांतले अनेक निद्रिस्ताप्रमाणे पडून राहतात व ऊब मिळताच जागे होतात. त्यांचा निःपात करावयाचा तो अग्नीनेच.

आता हे काम वाटते त्याहून अवघड का, ते पाहू. एक ग्रॅम बर्फाचे पाणी करण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता खर्ची पडते, आणि तेवढ्याच उष्णतेने तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते! कोंबडीच्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी. म्हणजे चुलीच्या उष्णतेचा मोठा वाटा नुसता बर्फ वितळविण्यात जातो. त्यात आणखी एक गंमत आहे. गोठलेल्या मांसातून उष्णता जितक्या सहज वाहते, तितकी ती वितळलेल्या मांसातून वाहत नाही. त्यामुळे बाहेरचा थर मऊ पडला की तोच आतल्या बर्फाभोवती गोधडीसारखा लपेटून बसतो. वरून रस्सा रटरटत आहे, तवंग सुरेख आला आहे, आणि गोळ्याच्या पोटात अद्याप गारवा आहे, असे घडते ते यामुळेच. म्हणून नेहमीच्या दीडपट वेळ द्यावा, असा सर्वसाधारण नियम आहे.

हा नियम सुट्या तुकड्यांचा. पिशवीत कोंबून गोठविलेला किलोभराचा गठ्ठा ही बाब निराळी. कुकरमधील उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते खरी, परंतु नेहमीच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद केला, तर गठ्ठ्याचा गाभा कच्चा राहण्याचा संभव आहे. यावरचा उपाय रविवारीच करावयाचा असतो : तुकडे एका थरात, पिशवी चपटी करून गोठवावे. मंद आचेवर तासन् तास शिजविण्याची तऱ्हा गोठलेल्या मांसास वर्ज्य समजावी, कारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान, जेथे जंतू फोफावतात, तेथेच ते फार वेळ रेंगाळते. तळण्याचे तर नावच नको. बर्फ कढत तेलात पडला की तेल उसळून अंगावर येते.

शिजले की नाही हे रंगावरून ओळखण्याची सवय आपल्याकडे आहे. गोठलेल्या कोंबडीच्या बाबतीत हा साक्षीदार बेभरवशाचा. कोवळ्या पक्ष्याच्या हाडातील मगजाचे रक्त गोठण्यामुळे बाहेर झिरपते आणि पूर्ण शिजलेले मांसही हाडालगत तांबूस-काळे दिसते. उलट, पांढरे दिसणारे मांस पुरते तापलेले असेलच असेही नाही. अन्नात खुपसावयाचा तापमापक आता बाजारात मिळतो. तो जाड तुकड्याच्या मध्यभागी, हाडाला न टेकविता, खुपसावा.

पुरत्या उष्णतेचे सामर्थ्य महाराष्ट्राने पाहिले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची पहिली साथ उघडकीस आली, तेव्हा लोकांनी कोंबडी खाणेच सोडले. वास्तविक सर्व भाग ७० अंशांपर्यंत तापविला की तो विषाणू टिकत नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर आढळला. संशय मुख्यतः पाण्यावर होता. तरीही पाणी उकळून पिण्याबरोबरच कोंबडी पूर्ण शिजवून खाण्याची सूचना देण्यात आली. अर्धकच्च्या घासाचे मोल पोटदुखीपुरतेच असते असे नाही, हे त्या निमित्ताने कळले.

आता सासूबाईंचा मार्ग. वितळवूनच शिजवावयाची, तर सकाळी गोळा ओट्यावर काढून ठेवायचा, ही सर्रास चालणारी पद्धत मात्र थेट शिजविण्याहून अधिक धोक्याची. वैशाखातील वऱ्हाडच्या उन्हाळ्यात बाहेरचा थर कधीच कोमट होतो आणि आत बर्फ असेपर्यंत बाहेर जंतूंची जत्रा भरते. गोळा आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोल भांड्यात ठेवावा, म्हणजे त्याचे पाणी कोथिंबिरीवर गळणार नाही. घाई असेल तर घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवावा, दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे, आणि वितळताच शिजवावा. वीज गेली असता फ्रीझरचे दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा. भरलेला फ्रीझर बंद राहिला तर सुमारे ४८ तास आणि निम्मा भरलेला सुमारे २४ तास थंडी धरून ठेवतो. वीज परत आल्यावर मांसात बर्फाचे कण शिल्लक असतील तर ते पुन्हा गोठविता येते. ते मऊ व कोमट लागले, तर मात्र वास घेत बसू नये. असे मांस टाकून द्यावे.