उसन्या नियमांचे खेळ

व्हिडिओ गेमचा प्रभाव त्याच्या खपावरून ठरत नाही. कोट्यवधी प्रती खपलेला खेळ दहा वर्षांत विस्मरणात जातो आणि मोजक्याच यंत्रांवर चाललेल्या एखाद्या खेळातली युक्ती पुढच्या पिढ्यांच्या खेळांत हटकून सापडते. ज्या खेळाचा नियम इतरांनी उसना नेला आणि तो मुळात कोणाचा होता हेही पुढे लोक विसरले, तो खेळ प्रभावी. गावात शेजारच्या घरून वाटीभर पीठ उसने आणले, तर परत करताना वाटी शिगोशीग भरून द्यायची रीत असते. साठ वर्षांचा हा इतिहास त्याच हिशेबाने वाचता येतो: कोणी काय उसने नेले आणि परत देताना त्यात काय भर घातली. पुण्यात आणि नवी मुंबईत बनलेल्या खेळांनाही हाच हिशेब लावावा लागतो.

सुरुवात १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत झाली. स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सोबत्यांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा दोन अंतराळयानांच्या झुंजीचा खेळ तयार केला. तो विकला गेला नाही. असे संगणकच जगात जेमतेम पन्नासएक होते. तरी तो पाहून नोलन बुशनेलच्या डोक्यात पैसे टाकून खेळायच्या यंत्राची कल्पना आली. त्याच्या अटारी कंपनीने १९७२ साली ‘पाँग’ काढला. पाँगमधले टेनिस मात्र त्याच वर्षी बाजारात आलेल्या राल्फ बेअर यांच्या यंत्रातल्या टेनिसशी फारच जुळत होते. प्रकरण कोर्टात गेले आणि शेवटी अटारीने रीतसर परवाना घेऊन ते मिटवले. या धंद्यातली पहिली गाजलेली उसनवारी अशी वकिलांच्या साक्षीने फेडली गेली.

१९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बनवला. परग्रहावरचे शत्रू रांगा करून खाली उतरतात आणि जितके मारावे तितका उरलेल्यांचा वेग वाढतो. हा वेग मुळात कोणी ठरवून दिलेला नव्हता. पडद्यावर शत्रूंची गर्दी असली की बिचारा प्रोसेसर दमायचा. गर्दी कमी झाली की त्याला दम मिळायचा आणि चित्रे भराभर सरकायची. निशिकादो यांनी ती अडचण तशीच ठेवली, कारण तिने खेळात रंगत येत होती. खेळ पुढे सरकेल तसा तो कठीण होत जावा, हा आज गृहीत धरलेला नियम यंत्राच्या अशक्तपणातून रुजला.

यानंतरचा ‘पॅक-मॅन’ (१९८०) जास्त वेळ थांबून पाहावा असा आहे. नामको कंपनीचे तोरू इवातानी यांना गोळीबार नसलेला, मुलींनाही खेळावासा वाटेल असा खेळ हवा होता. म्हणून त्यांनी खाण्याचा विषय घेतला. चक्रव्यूहातले ठिपके खात फिरणारे एक पिवळे तोंड आणि मागे लागलेली चार भुते, एवढाच मामला. खरी करामत भुतांच्या स्वभावात आहे. लाल भूत थेट पाठीमागे धावते. गुलाबी भूत पॅक-मॅन जिथे पोहोचणार त्याच्या पुढची जागा गाठायला जाते. निळे भूत लाल भुताच्या जागेचाही हिशेब धरून वळते. नारिंगी भूत जवळ आले की कच खाते आणि आपला कोपरा गाठते. चौघे मधूनमधून पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यात पांगतात, तेवढीच खेळणाऱ्याला उसंत. प्रत्येक भुताचा नियम एका ओळीत सांगता येतो, पण चारही एकत्र आले की खेळणाऱ्याला वाटते, या भुतांनी आपल्याला घेरायचा कट केला आहे. शत्रूला स्वभाव द्यावा आणि साध्या नियमांतून तो हुशार भासवावा, हा धडा पुढे लपून-छपून खेळायच्या आणि पाठलागाच्या असंख्य खेळांनी गिरवला. मोठी गोळी खाल्ली की शिकारी आणि सावज यांची अदलाबदल होते, तीही पॅक-मॅननेच लोकप्रिय केली.

या खेळाचा एक धागा महाराष्ट्रात येतो. पॅक-मॅनच्या मोबाइलवरील अधिकृत खेळाचे काम बंदाई नामको या मूळ मालक कंपनीने पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’कडे सोपवले. चाळीस वर्षांपूर्वी तोक्योत ठरलेले भुतांचे स्वभाव पुण्यातल्या प्रोग्रॅमरांना जपावे लागतात. तिथे भर घालायला फारसा वाव नसतो; ते घराण्याची चीज शिकण्यासारखे काम आहे.

निंतेंदोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा उजवीकडे सरकत जाणाऱ्या पडद्यावरच्या खेळांचा मूळपुरुष मानला जातो. त्याची पहिली लेव्हल शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी अशी रचली की सूचना वाचायची गरजच पडू नये. पहिला शत्रू समोरून येतो. काही केले नाही तर मारिओ मरतो, उडी मारली तर वाचतो. अक्षरओळख नसलेले मूलही दोन मिनिटांत खेळू लागते. भारतात हा खेळ निंतेंदोच्याच फॅमिकॉम यंत्राच्या स्वस्त नकलांवर आला. टीव्हीला जोडायचा डबा, चालली नाही की फुंकर मारायची कॅसेट आणि तिच्यात मारिओशेजारी ‘कॉन्ट्रा’. नव्वदच्या दशकातल्या मराठी मुलांनी व्हिडिओ गेमची बाराखडी यावर गिरवली, आणि ती बाराखडी बहुतांशी विनापरवाना होती.

‘टेट्रिस’बद्दल थोडक्यात सांगता येते, कारण त्याच्यात उसने नेण्यासारखे जवळजवळ काही उरतच नाही. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी बनवलेला हा खेळ इतका पूर्ण आहे की त्याच्या वाटेने जाणारे बहुतेक खेळ टेट्रिसच वाटतात.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) मात्र भरपूर उसना गेला. जॉर्डन मेकनर या तरुणाने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचे व्हिडिओ चित्रण केले आणि त्यावरून एकेक चित्र गिरवले. त्यामुळे पडद्यावरच्या राजपुत्राला वजन आले. तो धावता धावता थांबायला एक पाऊल घेतो, कठड्याला लोंबकळतो, उंचावरून पडला तर जायबंदी होतो. भारतात संगणक शिकवणाऱ्या क्लासांत डॉसच्या काळ्या पडद्यामागे हा खेळ हमखास दडलेला असे. २००३ साली ‘सँड्स ऑफ टाइम’ या नावाने तो त्रिमितीत आला. त्याचा पुढचा भाग करता करता युबिसॉफ्टच्या हाती ‘असॅसिन्स क्रीड’ (२००७) लागला.

हीच परंपरा पुण्यात ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ या खेळात दिसते. श्रुती घोष, इयन मॉड आणि अविचल सिंग यांच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने तो बनवला. २०१७ साली लोकांकडून वर्गणी गोळा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी ऑगस्ट २०२० मध्ये तो निंतेंदो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर प्रसिद्ध झाला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. महाबलासुराने पळवून नेलेल्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली राजी ही डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी आहे. भिंतीवरून धावणे, खांबावर चढणे, कठड्यावरून झेप घेणे हे सारे प्रिन्स ऑफ पर्शियाच्या घरचे. दुरून पाहणारा, खेळणाऱ्याच्या हाती नसलेला कॅमेरा आणि देवदैत्यांच्या लढाईची मांडणी ‘गॉड ऑफ वॉर’ (२००५) मालिकेची आठवण देते. परत देताना घातलेली भर कोणती, हे पाहिले तर नियमांत ती कमी आहे, रूपात जास्त. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैलीचा रंग, छायाबाहुल्यांनी सांगितलेली कथा, आणि दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून पुढे सरकणारे निवेदन. मात्र एक भर खरोखरच नियमाची म्हणावी लागेल: राजपुत्र कसरत का करू शकतो याचे उत्तर पर्शियात मिळत नाही, राजी ती करू शकते, कारण तो तिच्या पोटापाण्याचा धंदा आहे. खेळ लवकर संपतो आणि लढायांत तोचतोपणा येतो, हेही खरे.

दुसरी साखळी याहून लांब आहे आणि तिचे शेवटचे टोक ‘पबजी’ म्हणून विदर्भातल्या वडनेर भोलजीसारख्या महामार्गावरच्या गावांपर्यंत पोहोचले. तिची पहिली कडी १० डिसेंबर १९९३ रोजी आलेला ‘डूम’. आयडी सॉफ्टवेअरच्या या खेळात पडदा म्हणजे खेळणाऱ्याचे डोळे आणि खाली त्याच्याच हातातली बंदूक. पहिला भाग फुकट, पुढचे पैसे देऊन. तंत्र म्हणून हे थोर होतेच, पण परिणाम जास्त झाला तो वेगळ्याच निर्णयाचा. आयडीचे जॉन कार्मॅक यांनी खेळाचे इंजिन आणि खेळातली चित्रे, नकाशे, आवाज वेगवेगळ्या फायलींत ठेवले. त्यामुळे कोणीही उठून स्वतःचा नकाशा बनवू लागला. खेळणारा आणि बनवणारा यांच्यातली भिंत तिथे पडली. उसनवारीला कंपनीनेच दार उघडून दिले.

पुढचे सगळे त्या दारातून आले. आयडीच्याच ‘क्वेक’चे इंजिन घेऊन व्हॉल्व्ह कंपनीने ‘हाफ-लाइफ’ (१९९८) केला. हाफ-लाइफमध्ये फेरफार करून मिन ले आणि जेस क्लिफ या हौशी जोडीने ‘काउंटर-स्ट्राइक’ घडवला. २००० साली व्हॉल्व्हने तो स्वतःच विक्रीला काढला. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत तासाच्या भाड्याने ‘सीएस’ खेळणारी पिढी यावर वाढली. दुसरीकडे एका चेक कंपनीच्या ‘आर्मा’ या लष्करी खेळात फेरफार करून डीन हॉल यांनी ‘डेझेड’ केला आणि डेझेडमध्ये फेरफार करून ब्रेंडन ग्रीन यांनी ‘बॅटल रॉयल’. ग्रीन आयर्लंडचे, पेशाने छायाचित्रकार आणि वेब डिझायनर. कल्पना त्यांनी त्याच नावाच्या जपानी चित्रपटावरून घेतली. त्या चित्रपटात बेटावरचे चौकोनी भाग एकेक करून धोक्याचे ठरतात. चौकोनांचा प्रोग्रॅम जमेना म्हणून ग्रीन यांनी वर्तुळ वापरले, आणि आकुंचन पावणारे वर्तुळ हाच या खेळांचा प्राण ठरला. निशिकादोंच्या दमलेल्या प्रोसेसरप्रमाणे इथेही अडचणीतूनच नियम रुजला.

कोरियाच्या ब्लूहोल कंपनीबरोबर ग्रीन यांनी २०१७ साली ‘पबजी’ आणला. शंभर खेळाडू, विमान, पॅराशूट, रिकामी घरे धुंडाळून जमवलेली हत्यारे आणि शेवटी उरणारा एक. सहा महिन्यांत ‘फोर्टनाइट’ने तोच साचा उचलला. २०१८ साली पबजी मोबाइलवर आला, तोवर भारतात इंटरनेट स्वस्त झाले होते. शहरातल्या पिढीने कॅसेट, मग कॉम्प्युटर, मग फोन अशा पायऱ्या चढल्या. ग्रामीण विदर्भातल्या बहुतेक पोरांच्या हाती पहिला मोठा खेळ थेट फोनवर आला. त्यांच्यासाठी डूम, क्वेक, आर्मा ही नावे खापरपणजोबांची. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली; २०२१ मध्ये तो ‘बीजीएमआय’ या नावाने परतला, पुढच्या वर्षी पुन्हा थांबला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला.

या साखळीची पुण्यातली कडी म्हणजे सुपरगेमिंगचाच ‘इंडस’, ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला. विमान, वर्तुळ, हत्यारे सारे पबजीच्या घरचे. वेश सिंधू संस्कृतीला भविष्यात नेऊन कल्पिलेला. इथे मात्र वाटी थोडी शिगेला भरलेली दिसते. शेवटच्या टप्प्यात ‘कॉस्मियम’ नावाचे द्रव्य प्रकट होते आणि ते ताब्यात घेणारा संघ इतरांना न मारताही डाव जिंकतो. बॅटल रॉयलमध्ये लपून बसणाऱ्याची चलती असते. हा नियम त्याला बिळाबाहेर काढतो. इतर देशांतल्या खेळांनी तो उसना नेला, तरच त्याला प्रभाव म्हणता येईल. तसे अजून झालेले दिसत नाही.

उलट दिशेचे एक मोठे उदाहरण आहे आणि ते व्हिडिओ गेमच्या फार आधीचे. पचिसी कवड्यांवर खेळली जाई. तिचेच भाऊबंद म्हणजे ओसरीवर खडूने आखून चिंचोक्यांनी खेळायचा चल्लस-आठ. इंग्रजांनी पचिसी नेली, कवड्यांच्या जागी एक फासा ठेवला, नियम सोपे केले आणि १८९६ साली इंग्लंडमध्ये ‘लूडो’ या नावाने तिचे पेटंट घेतले. पुठ्ठ्याच्या पटावर रंगीत घरे घेऊन तोच खेळ भारतात परत आला. २०१६ साली विकाश जयस्वाल यांच्या नवी मुंबईतल्या ‘गेमेशन’ कंपनीने त्यावरून ‘लूडो किंग’ काढला, आणि २०२० च्या टाळेबंदीत दूरदूरची कुटुंबे फोनवर एकाच पटाभोवती बसली. लूडो किंगमध्ये दान पडते ते मात्र सहा बाजूंच्या इंग्रजी फाशाचे. कवड्या अजून परत आलेल्या नाहीत.