तरुणांचा स्वभाव आणि मद्याचा पेला



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं मद्याचा विषय काढणें कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु उत्सव म्हटला कीं पेला आलाच, आणि त्या पेल्याभोंवतीं तरुणांचा घोळका जमतोच. तेव्हां त्यांच्याविषयीं चार शब्द बोलण्यास याहून योग्य वेळ ती कोणती?

आम्हांस सांगावयाचें तें थोडक्यांत असें: सर्व तरुण एकाच कारणास्तव पीत नाहींत, म्हणून एकच उपदेश सर्वांस लागू पडत नाहीं. चार भाऊ एकाच ताटांत जेवून वाढलेले असतात. तरी एकास पेल्याची ओढ लागते आणि दुसरा त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. संगत व परिस्थिति यांचा यांत भाग आहेच; परंतु ज्याच्या त्याच्या स्वभावाचाही मोठा भाग आहे.

कॅनडांतील माँट्रियल विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया कॉनरॉड व त्यांचे सहकारी यांनीं या प्रश्नाचा दीर्घ अभ्यास करून स्वभावाचे चार कल निवडून काढले आहेत. पहिला साहसप्रिय: त्याला नित्य नवें, थरारक कांहीं तरी हवें असतें, आणि तो मौजेसाठीं पितो. दुसरा उतावळा: त्याची कृति आधीं होते व विचार मागून येतो, 'आतां पुरे' हें त्यास वेळेवर सुचत नाहीं. तिसरा भिऊन जाणारा: छातींत जरा धडधडलें कीं अनर्थ ओढवला असें त्यास वाटतें, आणि धीर यावा म्हणून तो घोट घेतो. चौथा निराश: आपल्या हातून कांहीं होणार नाहीं असें त्याच्या मनानें घेतलेलें असतें, तो विसर पडावा म्हणून पितो.

आतां असें पाहा. लग्नाच्या मांडवांत पहिले दोघे गलबला करतात, म्हणून ते चटकन नजरेस येतात आणि त्यांच्याच वांट्यास बोलणीं येतात. उरलेले दोघे कोपऱ्यांत निमूटपणें बसतात. त्यांस कोणी कांहीं विचारीत नाहीं. तथापि जे भीति वा दुःख बुडविण्यासाठीं पितात, त्यांचें पिणें थोडें दिसलें तरी त्यांस त्यापासून अधिक उपद्रव होतो, असें अभ्यासकांस वारंवार आढळून आलें आहे. याचें कारण उघड आहे. मद्यानें भीति घटकाभर दबते. नशा उतरतांच ती अधिक जोरानें परत येते, मन अधिक खिन्न होतें, आणि हात पुन्हां पेल्याकडे जातो. त्यांत मेंदूचा जो भाग आवर घालतो, तो वयाच्या सुमारें 25 व्या वर्षापर्यंत पक्व होत असतो.

मग उपाय काय? लंडनमधील शाळांतून कॉनरॉड यांनीं तेरा-चौदा वर्षांच्या मुलांस त्यांच्या स्वभावाप्रमाणें लहान गटांत बसविलें. शिकवून तयार केलेल्या शिक्षकांनीं प्रत्येक गटास दीड-दीड तासाचे दोनच पाठ दिले. त्यांत मद्याच्या निंदेपेक्षां आपल्या मनाची खोड ओळखून तिला वळण कसें द्यावें, यावर भर होता. 2013 सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणें पुढील दोन वर्षांत त्या शाळांतील मुलांचें पिणें इतर शाळांहून कमी राहिलें.

यावरून आईबापांनीं व वडीलधाऱ्यांनीं बोध घ्यावा तो असा. साहसी मुलास मैदान द्या, समुद्र द्या, जोखमीचें काम द्या. उतावळ्यास घरून निघण्यापूर्वींच मर्यादा ठरविण्यास शिकवा. भिणाऱ्याजवळ बसून, भीतीची लाट आपोआप ओसरते हें त्यास समजावून सांगा. निराशास एकटें सोडूं नका; जरूर पडल्यास डॉक्टरांकडे न्या, आणि त्यांत लाज मानूं नका.

स्वभाव म्हणजे कांहीं विधिलिखित नव्हे. डब्लिनचे मजूर मॅट टॅल्बट सुमारें बाराव्या वर्षीं मद्याच्या आहारीं गेले होते. 1884 सालीं, अठ्ठाविसाव्या वर्षीं, त्यांनीं प्रथम अवघ्या तीन महिन्यांची शपथ घेतली, आणि 1925 सालीं मृत्यु येईपर्यंत थेंबही घेतला नाहीं. 1975 सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस 'पूज्य' ही पदवी दिली.

सज्जनहो, आज उत्सवाच्या पंगतींत आपण आपल्या मुलांच्या हातांतील पेल्याकडे पाहालच; त्याआधीं क्षणभर त्यांच्या मुद्रेकडे पाहा, आणि कोपऱ्यांत बसला असेल त्याच्याजवळ जाऊन बसा, एवढीच विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.