सुट्या भागाची जन्मनोंद



बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रकाम करणारे पुष्कळ कारखाने आहेत. आमच्या शाळेतून बाहेर पडलेली काही मुले तेथे कामास लागतात, आणि त्यांपैकी कित्येकांच्या हाती आता कानशीऐवजी संगणक असतो. असाच एक माजी विद्यार्थी एके दिवशी उतरल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला. त्याने पंपाच्या झाकणाच्या जुन्या कॅड फाइलची नक्कल केली होती, बोअर ४० मिलिमीटरचा ४२ केला होता आणि फाइलला नवे नावही दिले होते. परंतु फाइलच्या आत भागाचा क्रमांक जुनाच राहिला आणि ड्रॉइंगच्या चौकटीत तोच उमटला. पुढे जुन्या झाकणाची मागणी आली. कारागिराने क्रमांक पाहून हे नवे ड्रॉइंग उचलले, आणि सारा माल भंगारात गेला. वाढलेला बोअर पुन्हा लहान करता येत नाही!

मुलाची आकृती निर्दोष होती. चुकली होती ती नोंद. मला तेव्हा आमच्या चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंदवही आठवली. तीत मुलाचे नाव, आईबापांची नावे, तारीख हे सारे पहिल्याच दिवशी लिहिले जाते. पुढे त्याचे लग्न झाले, की त्याच नोंदीच्या समासात तसे टिपून ठेवतात. मूळ नोंद कोणी खोडीत नाही. यंत्राच्या सुट्या भागाचीही अशीच जन्मनोंद असावी, आणि ती त्याच्या फाइलच्या पोटातच असावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या सॉलिडवर्क्सचे उदाहरण घेऊ. त्यातील काही योजना संगणकापुरत्या असतात, तर काही त्या त्या फाइलबरोबर राहतात. या दुसऱ्या प्रकाराला ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’ म्हणतात. मापाचे एकक त्यांतच येते. म्हणून एकाच संगणकावर एक फाइल मिलिमीटरची आणि दुसरी इंचाची असू शकते. प्रत्येक वेळी हे तपासण्यापेक्षा एकक, मापे लिहिण्याची पद्धत व आवश्यक रकाने ठरवून एक टेम्प्लेट करून ठेवावे आणि प्रत्येक नवा भाग त्यातूनच सुरू करावा.

दुसरी गोष्ट ‘कस्टम प्रॉपर्टीज’ची. भागाचा क्रमांक, नाव, धातू, कितवी सुधारणा आणि आराखडा कोणी केला, एवढे तरी तेथे लिहावे. ड्रॉइंगच्या चौकटीतील मजकूर हाताने न लिहिता या रकान्यांशी जोडून द्यावा. मग एका जागी केलेला बदल दोन्हीकडे दिसतो. मात्र नक्कल केली, की जुनी नोंदही तिच्याबरोबर येते. तेव्हा नक्कल करताच आधी क्रमांक बदलावा, मग मापाला हात लावावा.

तिसरी गोष्ट धातूची. धातू नेमून दिला नाही, तर सॉलिडवर्क्स सामान्यतः घनमीटरला १००० किलोग्रॅम, म्हणजे पाण्याची घनता धरून चालते. बिडाची घनता सुमारे ७२०० आहे. म्हणजे सात किलो दोनशे ग्रॅमचे झाकण पडद्यावर एक किलोचे दिसेल. ओतकामाचा भाव वजनावर ठरत असल्याने ही चूक थेट खिशाला लागते.

चौथी गोष्ट नावाची. ‘अखेरचे’, ‘अगदी अखेरचे’ अशी नावे फाइलला देऊ नयेत. अखेर कधीच येत नाही. नाव क्रमांकावरून द्यावे आणि सुधारणेची नोंद आतल्या रकान्यात ठेवावी. असेंब्ली आणि ड्रॉइंग हे दोघेही भागाला त्याच्या फाइलच्या नावाने व ठिकाणाने ओळखतात. फोल्डरमध्ये जाऊन परस्पर नाव बदलले, की ही ओळख तुटते. म्हणून नाव सॉलिडवर्क्समधूनच बदलावे, आणि सगळा संच दुसरीकडे न्यावयाचा असल्यास ‘पॅक अँड गो’चा उपयोग करावा.

शेवटी, फाइल बाहेर पाठविताना सावध असावे. एसटीएल फाइलमध्ये एककच नसते. समोरच्याने मिलिमीटरला इंच समजल्यास भाग पंचवीस पटींहून मोठा होतो. स्टेप फाइल एकक घेऊन जाते. परंतु आतल्या साऱ्या नोंदी तिच्याबरोबर जातीलच असे नाही. म्हणून सोबत ड्रॉइंगची पीडीएफ अवश्य द्यावी.

हे सारे करावयास प्रत्येक भागामागे पाच मिनिटेही लागत नाहीत. तो मुलगा मला म्हणाला होता, “सर, मला वाटलं, चित्र बरोबर म्हणजे काम झालं.” त्याची नोकरी टिकली, हे त्याच्या मालकाचे औदार्य. परंतु प्रत्येक मालक उदार असेलच असे नाही. आणि यंत्रापाशी उभा असलेला कारागीर आपल्याला विचारावयास येऊ शकत नाही. त्याच्या हाती आपला कागद तेवढा असतो. त्या कागदाने त्याला खरे सांगावे, एवढी जबाबदारी आराखडा करणाराची आहे.