हिऱ्याची निर्मळता : खोटीची पारख

पृथ्वीच्या पोटात साधारण १५० ते २०० किलोमीटर खोलीवर, प्रचंड दाबाखाली कार्बनचे स्फटिक वाढतात. वाढता वाढता आसपासच्या गार्नेटचे, ऑलिव्हीनचे, क्रोमाइटचे कण त्यांच्या पोटात अडकतात. मधेच वाढ थांबते आणि पुन्हा सुरू होते, त्या सांध्याची खूण राहते. पुढे किंबरलाइटच्या शिलारसाबरोबर वर येताना धक्के बसतात आणि भेगा पडतात. बाजारात क्लॅरिटी या नावाने ओळखली जाणारी निर्मळता म्हणजे अशा खुणा किती कमी आहेत याचे मोजमाप. खूण मुळीच नसलेला खडा अत्यंत विरळा. त्यामुळे खोट कोणती, केवढी, कुठे आणि नजरेला कितपत जाणवणारी, एवढे सगळे सांगता आले तरच ती पारख म्हणावी. नुसता दर्जा सांगणे म्हणजे अर्धीच पारख होय, आणि आजच्या व्यवहारात बहुतेक वेळा ती तिथेच थांबते.

भारतात ही विद्या जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वज्रपरीक्षेचा स्वतंत्र अध्याय आहे. कावळ्याच्या पावलासारखी खूण, माशीसारखा डाग, केसासारखी रेष असे दोष त्यात नोंदलेले आहेत. चौदाव्या शतकाच्या आरंभी, अल्लाउद्दीन खिलजीच्या काळात, दिल्लीत ठक्कर फेरूने रत्नपरीक्षेवर प्राकृतात ग्रंथ लिहिला. या परंपरेने दोषांना शुभाशुभ फळे जोडली. आजच्या पारखीत त्यांचा उपयोग नाही. दोषांची वर्गवारी मात्र खडा हातात धरून, नीट पाहून केलेली आहे, आणि आजच्या साधनांशिवाय इतके बारकावे टिपणारी ती नजर असामान्यच होती.

सतराव्या शतकात झां-बाप्तिस्त ताव्हेर्निये हा फ्रेंच जव्हेरी गोवळकोंड्याच्या मुलखातील खाणींवर येऊन गेला. इथले पारखी हिरा रात्री पाहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. भिंतीतल्या कोनाड्यात जाड वातीचा दिवा ठेवायचा आणि खडा बोटांत धरून त्या उजेडात त्याचे पाणी नि निर्मळता जोखायची, अशी ती रीत. त्याचे आणखी एक निरीक्षण आजही कामाला येते. निर्मळ खड्याला इथले कारागीर चाकावर जेमतेम लावतात, पण खोट असली की ती झाकण्यासाठी बारीक बारीक पैलू पाडतात, असे तो सांगतो. नेहमीच्या आराखड्यात न बसणारा जादा पैलू दिसला की तो का पाडला असावा, हा प्रश्न पारख्याने तेव्हापासून आजवर विचारलाच पाहिजे असा आहे.

आजची मोजपट्टी अमेरिकेत तयार झाली. रॉबर्ट शिप्ली यांनी १९३१ मध्ये जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे जीआयए, स्थापन केली आणि १९५३ मध्ये रिचर्ड लिडिकोट यांच्या पुढाकाराने तिथे हिऱ्याच्या दर्जांची पद्धत रूढ झाली. त्याआधी ज्याची त्याची परिभाषा होती. एकाने ‘स्वच्छ’ म्हटलेला खडा दुसऱ्याच्या मते डागाळलेला ठरे. जीआयएच्या श्रेणीत आज अकरा पायऱ्या आहेत. एफएल म्हणजे आत-बाहेर काहीच नाही. आयएफ म्हणजे आत काही नाही, पृष्ठभागावर किरकोळ काही असेल. व्हीव्हीएस १ आणि २ मधील खुणा तरबेज नजरेलाही मुश्किलीने सापडतात, व्हीएस १ आणि २ मधील त्या मानाने सहज पण किरकोळ असतात, एसआय १ आणि २ मधील लगेच लक्षात येतात. आय १, २, ३ मध्ये त्या ठळक असतात आणि चमकेवर किंवा मजबुतीवरही परिणाम करू शकतात. एसआय ३ असा दर्जा बाजारात ऐकू येतो. जीआयएच्या श्रेणीत तो नाही, हे गिऱ्हाइकाला सांगितले जावे.

हे सारे दर्जे दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाच्या कसोटीवर ठरतात. भिंग तीन काचांचे, रंगांची कड आणि आकाराची विकृती दुरुस्त केलेले असावे, खडा पुसून घेतलेला असावा आणि उजेड बाजूने यावा. सूक्ष्मदर्शकाने खोट शोधता येते, पण दहापटीत जी दिसत नाही ती दर्जात धरली जात नाही. न पुसलेल्या खड्यावरचा धुळीचा कणही आतल्या ठिपक्यासारखा भासतो, आणि घाईत पाहणाऱ्या अनुभवी माणसाचीही इथे फसगत होते.

दर्जा ठरवताना खुणेचा आकार, संख्या, जागा, प्रकार आणि आजूबाजूच्या हिऱ्याशी असलेला तिचा विरोध अशा पाच गोष्टी पाहतात. यांपैकी आकार आणि संख्या कोणालाही समजतात. खरे कौशल्य जागा आणि प्रकार यांत आहे.

हिऱ्याचा वरचा सपाट मोठा पैलू म्हणजे टेबल. त्याच्या बरोबर खाली बसलेला कण सर्वांत आधी दिसतो. तोच कण कमरेजवळ, म्हणजे गर्डलच्या कडेला असता, तर वरच्या पैलूंच्या झगमगाटात हरवून गेला असता. कण तळाच्या टोकाजवळ असेल तर प्रकार आणखी वेगळा होतो. खालचे पैलू आरशासारखे काम करतात आणि एकाच कणाची प्रतिबिंबे गोलाकार उभी राहतात. खोट एक असूनही खडा भरलेला वाटतो आणि दर्जा घसरतो. कडेची खोट कोंदणाच्या दाताखाली लपवता येते, म्हणून जडाव करणाऱ्यांना ती सोयीची वाटते. पण ती खोट भेग असेल तर हिशेब उलटा होतो. गर्डल हा हिऱ्याचा सर्वांत नाजूक भाग. तिथे पृष्ठभागापर्यंत आलेल्या भेगेवर दाताचा दाब पडला की कपचा उडण्याचा धोका असतो. दिसण्याच्या दृष्टीने उत्तम जागा टिकाऊपणाच्या दृष्टीने सर्वांत वाईट ठरू शकते, आणि दर्जाच्या दोन अक्षरांतून हे कळत नाही.

प्रकारांचेही तसेच. पिनपॉइंट म्हणजे सुईच्या अग्राएवढा ठिपका. असे असंख्य ठिपके एकत्र आले की क्लाउड, म्हणजे धूसर पुंजका. आत अडकलेले खनिज म्हणजे क्रिस्टल, लांबट बारीक स्फटिक म्हणजे नीडल. भेगेला तिच्या पिसासारख्या पांढुरक्या रूपामुळे फेदर म्हणतात. हिरा कठीण असला तरी चार ठरावीक दिशांना तो सरळ दुभंगतो, म्हणून फेदर कोणत्या दिशेला गेली आहे आणि पृष्ठभागाला भिडली आहे का, हे पाहावेच लागते. पृष्ठभागावर उघडणारा नॉट, म्हणजे निराळ्या दिशेने वाढलेला हिऱ्याचाच स्फटिक, पैलू पाडणाऱ्याची परीक्षा घेतो. ओरखडा, घर्षणाच्या खुणा, मूळ कातडीचा उरलेला तुकडा हे बाहेरचे दोष. बहुतेक वेळा थोडे वजन सोडून ते घासून काढता येतात. काळा डाग म्हणजे ‘न पिकलेला कोळसा’ असे सांगण्याची दुकानांत रीत आहे. ती सोडून द्यावी. असे डाग बहुधा सल्फाइड खनिजांचे, ग्रॅफाइटचे किंवा गडद स्फटिकांचे असतात.

याच डागांनी भूविज्ञानाला मोठी देणगी दिली आहे. हिऱ्याचे स्वतःचे वय थेट मोजता येत नाही, आत कोंडलेल्या खनिजाचे मोजता येते. १९८४ मध्ये स्टीफन रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांमधल्या गार्नेटवरून तीन अब्ज वर्षांहून जुने वय काढले. २०१४ मध्ये ब्राझीलच्या एका हिऱ्यात रिंगवुडाइटचा कण सापडला आणि पृथ्वीच्या आवरणात खोलवर खनिजांत पाणी बांधलेले आहे याचा प्रत्यक्ष पुरावा हाती आला. दागिन्याच्या दृष्टीने तो हिरा अगदीच सामान्य होता.

निर्मळतेचा घाटाशी संबंध दुकानात फारसा समजावला जात नाही. गोल ब्रिलियंट घाटाचे ५७ किंवा ५८ पैलू प्रकाश इतका विखुरतात की एसआय दर्जाची खोटही पुष्कळदा नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही. एमरल्ड घाटाचे पायऱ्यांसारखे लांब पैलू खिडकीसारखे उघडे असतात. तिथे तीच खोट लपत नाही. खडा जितका मोठा तितकी ती अधिक उघडी पडते. म्हणून लहान गोल खड्यासाठी एसआय १ पुरेसा ठरू शकतो, पण मोठ्या एमरल्डसाठी व्हीएसच्या खाली उतरताना विचार करावा. व्हीव्हीएस आणि व्हीएस यांतला फरक अंगावर घातलेल्या दागिन्यात कुणालाच दिसत नाही. तिथे वाढलेली किंमत दुर्मिळतेची असते, सौंदर्याची नव्हे, आणि गिऱ्हाइकाला हे पैसे देण्यापूर्वी कळले पाहिजे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातील ४५.५२ कॅरटचा निळा होप हिरा व्हीएस १ दर्जाचा आहे; त्याच्या कीर्तीला त्याने काही उणेपणा आलेला नाही.

प्रमाणपत्र वाचण्याचीही पद्धत आहे. आकृतीत आतल्या खुणा लाल, बाहेरच्या हिरव्या आणि जादा पैलू काळ्या रेषांनी दाखवतात. खाली शेऱ्यांत ‘जादा क्लाउड दाखवलेले नाहीत’ अशी ओळ असली तर ती आकृतीपेक्षा जास्त लक्ष देऊन वाचावी. एखाद्या खड्याचा दर्जाच क्लाउडवर ठरलेला असेल, तर संपूर्ण खडा दुधाळ दिसण्याची शक्यता असते आणि अशा खड्याची चमक मरते. आकृतीत यातले काही कळत नाही. खडा उजेडात फिरवून पाहण्याला पर्याय नाही.

निर्मळता कृत्रिमरीत्या सुधारण्याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. लेसरने बारीक भोक पाडून आतला काळा कण आम्लाने फिका करतात. हा बदल कायमचा असतो आणि भोक ही नवी खोट म्हणून नोंदवून जीआयए दर्जा देते. दुसरा प्रकार भेगेत काचेसारखा पदार्थ भरण्याचा. इस्रायलच्या झ्वी येहुदा यांनी तो १९८० च्या दशकात बाजारात आणला. असा खडा भिंगाखाली हळूहळू फिरवला तर भेगेत नारिंगी, जांभळे, निळे रंग चमकून जातात. हे भराव सोनाराच्या ज्वाळेने बिघडतात, त्यामुळे दुरुस्तीला आलेला प्रत्येक खडा ज्योत लावण्याआधी तपासणे हे कारागिराचे कर्तव्यच मानावे. जीआयए अशा खड्यांना दर्जा देत नाही.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांनी ही सारी मोजपट्टीच नव्याने तपासायला लावली आहे. उच्च दाब व तापमानाच्या पद्धतीने वाढवलेल्या हिऱ्यात धातूचे कण राहतात आणि काही खडे चुंबकाकडे ओढले जातात. वायूपासून थर चढवून वाढवलेल्यात गडद ठिपके आढळतात. अनेक खडे मात्र इतके निर्मळ निघतात की भिंगाखाली उगमाचा काहीच सुगावा लागत नाही. त्यासाठी वर्णपटाची तपासणी करणारी उपकरणेच लागतात. ज्या उत्पादनात बहुसंख्य माल वरच्याच पायऱ्यांवर बसतो, तिथे अकरा पायऱ्यांनी दुर्मिळता सांगता येत नाही. जीआयएने ऑक्टोबर २०२५ पासून अशा हिऱ्यांसाठी जुनी अक्षरे बंद करून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोनच वर्ग ठेवले. मुंबईच्या भारत डायमंड बोर्समधून आणि सुरतेच्या कारखान्यांतून दोन्ही प्रकारचा माल जगभर जातो. तेव्हा बिलावर हिऱ्याचा उगम स्पष्ट लिहिणे, तो उपकरणाने तपासून घेणे आणि खाणीतल्या हिऱ्यांसाठी घडवलेली भाषा दुसऱ्या मालाला न लावणे ही जबाबदारी हिऱ्याच्या व्यावसायिकांवर सर्वांत आधी येते.