पुलाखाली वाकून बघा



प्रमुख पाहुण्याने विद्यार्थ्यांना यशाची गुरुकिल्ली द्यायची असते. ती माझ्याकडे नाही. एक पूल आहे, त्याच्याविषयी बोलतो. पावरी वाजवणारे तयार होऊन बसलेत ते दिसतंय मला, लांबण लावणार नाही.

आपल्या सुरगाण्याहून पुण्याला स्थापत्य शिकायला गेलो. रविवारी वसतिगृहातली पोरं सिनेमाला जायची, मी बंडगार्डनला. बागेलगत मुळा-मुठेवर १८६७ सालचा दगडी पूल आहे. कागदोपत्री नाव फिट्झजेराल्ड पूल, मुंबईच्या गव्हर्नरचं. पुणेकरांच्या तोंडी मात्र बंडगार्डनचा पूल. त्याच्या दोन्ही टोकांना पंजाखाली गोळा दाबून उभे असलेले सिंह आहेत. लोक सिंहांचे फोटो काढतात. मी खाली उतरून कमानी बघत बसायचो.

अशा दगडी कमानीत सळई नसते. पाचरीसारखे घडवलेले दगड एकाला एक लावलेले असतात. प्रत्येक दगड खाली निसटायला बघतो आणि शेजारचे दोघे त्याला चिमटीत धरतात. वरून वजन आलं की ती पकड आणखी आवळते. दगड ताण फारसा सोसत नाही, दाब मात्र भरपूर सोसतो. घडवणाऱ्यांनी त्याच्याकडून फक्त जमेल तेच काम घेतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्या पुराचं पाणीही याच वाटेने पुढे गेलं. पूल जागचा हलला नाही. पुढे शेजारी नवा पूल झाला, गाड्या तिकडे वळल्या. आता जुन्यावर माणसं पायी फिरतात. मला तर त्याचा हेवाच वाटतो!

पण जुनं ते सोनं म्हणून मोकळं होणाऱ्यांतला मी नाही. महाडजवळ सावित्री नदीवर १९२८ चा असाच दगडी कमानींचा पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. कमान वरच्या ओझ्याने सहसा पडत नाही. पाणी पायाखालची माती खरवडून नेतं, सांध्यात पिंपळ रुजतो, दरजांतला चुना निघून जातो. पुलावरून जाणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्यासाठी पुलाखाली उतरून वाकावं लागतं. नोकरीत मी मुख्यतः हेच केलं. कपडे खराब झाले, पण कंटाळा कधी आला नाही.

आपल्या नार-पार नद्यांच्या पाण्याची तऱ्हा तुम्हाला मी काय सांगू? पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी चढलं की शाळा बुडते, हे तुम्ही भोगताय. तेव्हा एक काम सांगतो. मे महिन्यात पाणी आटलं की आपल्या गावच्या फरशीखाली उतरा. नळ्यांत लाकडं, गाळ अडकलाय का, कडेची माती सुटून पोकळी झालीय का, ते बघा. फोटो काढा, तारीख टाका आणि पाऊस लागायच्या आत ग्रामपंचायतीत अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका. पोच नसली की अर्ज आलाच नव्हता, असं ऐकावं लागतं. अर्ज कसा लिहायचा ते मराठीचे सर शिकवतील. त्यांना न विचारताच मी हे कबूल करून टाकलंय.

चला, येऊ द्या पावरी.