चित्राखालचे नाव

छापील व्यक्तिचित्राखालचे नाव हा चित्राचा भाग नव्हे, ती एका माणसाने दिलेली साक्ष आहे, आणि साक्षीसारखीच ती तपासली पाहिजे. हे माझे ठाम मत मी नानासाहेब पेशव्यांच्या एका चित्रावरून मांडणार आहे. हे 1857 च्या उठावातले नानासाहेब. कानपूरजवळचे बिठूर हे त्यांचे राहते ठिकाण, आणि कानपूरच्या सतीचौरा घाटावर झालेल्या इंग्रजांच्या कत्तलीचा ठपका त्यांच्यावर आला. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने 1857 मध्ये भरजरी पोशाखातल्या एका पुरुषाचे चित्र नानासाहेबांचे म्हणून छापले. अशा साप्ताहिकात कुठून तरी मिळालेले चित्र बॉक्सवूडच्या ठोकळ्यावर उलटे उतरवले जाई, मग कोरक्या पांढऱ्या राहायच्या जागा खोदून काढी. नाव मात्र खिळे जुळवणारा वेगळे जुळवी. चेहरा आणि नाव यांची गाठ छापखान्यातच पडे.

आता दुसरी साक्ष ऐका. 93व्या हायलँडर्स या ब्रिटिश पलटणीतला विल्यम फोर्ब्स-मिचेल 1893 मध्ये छापलेल्या आठवणींत सांगतो, की हे चित्र नानासाहेबांचे नव्हेच. ते जॉन लँग या वकिलाच्या एका अशिलाचे, लष्कराला रसद पुरवणाऱ्या कंत्राटदाराचे आहे. हा लँग थोडा समजून घ्यायला हवा. ऑस्ट्रेलियात जन्मलेला, हिंदुस्थानात वकिली आणि वृत्तपत्र चालवणारा. ज्योतिप्रसाद या बड्या कंत्राटदारावर कंपनी सरकारने भरलेला खटला त्याने 1851 मध्ये आग्र्याला लढवून जिंकला. झाशीच्या राणीनेही त्याला सल्ल्यासाठी बोलावले. तो बिठूरला नानासाहेबांचा पाहुणा होता, म्हणजे चेहरा ओळखणाऱ्या मोजक्या युरोपियनांपैकी एक. फोर्ब्स-मिचेलच्या सांगण्याप्रमाणे चित्र लँगकडूनच साप्ताहिकाकडे गेले आणि ते कोणाचे आहे याची तिथे फिकीर नव्हती. वाचकांना कानपूरचा खलपुरुष पाहायचा होता.

यावर रास्त आक्षेप असा, की ही 36 वर्षांनंतरची ऐकीव गोष्ट आहे. मान्य. तेवढ्यावर चित्र त्या कंत्राटदाराचेच, असा निकाल मी देणार नाही. पण मग तोच काटा चित्राखालच्या नावालाही लावा: ते कोणी दिले, त्याने नानासाहेबांना पाहिले होते का? दुसरा आक्षेप असा, की चित्र खोटे असते तर ओळखणारे बोलले असते. त्यांच्यातले किती जण लंडनचे साप्ताहिक चाळत होते? सरकारने नानासाहेबांवर 1 लाखाचे इनाम लावले, तरी 1874 मध्ये ग्वाल्हेरला पकडलेला माणूस नानासाहेब म्हणून कानपूरला नेला, तेव्हा साक्षीदारांची खात्री पटेना आणि शेवटी त्याला सोडावे लागले. माणूस समोर उभा असताना जी ओळख पटत नाही, ती खिळ्यांत जुळवलेल्या एका ओळीने पटली असे आपण कसे मानतो?

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. चेहरेपट्टी आणि पागोट्याच्या बांधणीबद्दल बोलायचे राहिले. कोणी म्हणेल, या चित्रापुढे लोकांनी हात जोडले आहेत. ती भावना खरी आहे, आणि म्हणूनच ज्याच्यापुढे हात जोडायचे तो माणूस कोण, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. माझी मागणी छोटी आहे. पाठ्यपुस्तकांत आणि संग्रहालयांत या चित्राखाली नुसते ‘नानासाहेब पेशवे’ न लिहिता ‘1857 मध्ये लंडनच्या साप्ताहिकाने नानासाहेब म्हणून छापलेले चित्र’ असे लिहावे.