गौण खनिजाच्या पोटात

नाशिक रोडहून पुण्याच्या रस्त्याला लागून शिंदे-पळसे मागे टाकीत मोहदरीचा घाट चढू लागले म्हणजे जो काळा फत्तर दृष्टीस पडतो, त्याची महसुली दप्तरात ‘गौण खनिज’ एवढीच नोंद असून, ब्रासच्या मापाने स्वामित्वधन भरले की मक्तेदाराचा त्याच्याशी असलेला संबंध पुरा होतो. परंतु सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरून थिजलेल्या या लाव्ह्यात वायूंचे बुडबुडे अडकून ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे क्षारयुक्त पाणी झिरपत गेले आणि त्यातून पेंढीसारखे बांधलेले गुलाबी स्टिल्बाइट, हिरवट पारदर्शक अ‍ॅपोफिलाइट असे स्फटिक आकारास आले. सुरुंग उडाल्यावर अशी एखादी पोकळी उघडी पडते, तेव्हा ते वैभव खडीच्या यंत्रात जाणार की वाचणार, हे पहार धरून उभ्या असलेल्या मनुष्याच्या कुतूहलावर अवलंबून असते. सिन्नरजवळ माळेगावच्या औद्योगिक वसाहतीतील ‘गारगोटी’ संग्रहालयात असे वाचलेले स्फटिक अवश्य पाहावेत.

1756 साली स्वीडनमधील क्रॉनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने स्टिल्बाइटच्याच कुळातील एक दगड तापवला, तो फसफसून त्यातून वाफ निघू लागली. दगडात पाणी आले कोठून, हे कोडे उलगडून त्याच्या पदरात काही पडणार नव्हते. तरी त्याने या कुळाला ‘झिओलाइट’ नाव देऊन त्याची रीतसर नोंद केली. ते पाणी स्फटिकाच्या रचनेतील अतिसूक्ष्म दालनांत साठलेले होते, हे पुढे उमगले. आणि विसाव्या शतकात तशीच दालने कृत्रिम रीतीने घडवून दुष्फेन पाणी सुफेन करण्यापासून खनिज तेलाच्या शुद्धीकरणापर्यंत नाना कामे साधली गेली.

असा उपयोगाचा पाढा वाचला की श्रोत्यांच्या माना डोलतात, हे मी जाणतो. तथापि जिज्ञासेची किंमत अशा जमाखर्चात मांडणे मला प्रशस्त वाटत नाही; कारण ही रक्कम जमेस पडायला सुमारे दोन शतके लागली, आणि तोवर क्रॉनस्टेटचा उद्योग निरर्थक ठरवणाऱ्या हिशेबनिसाला कोणी खोटे पाडू शकले नसते.

आपल्याकडे शाळांच्या सहली पांडवलेण्यांस जातात, मुलांना शिल्पे आणि शिलालेख दाखवले जातात, ते योग्यच आहे. मात्र ज्या दगडात ती लेणी खोदली, तो तेथे आला कसा, याविषयी सहसा कोणी चकार शब्द काढीत नाही. माझी शिक्षकांना विनंती आहे की, पुढच्या सहलीत अर्धा तास त्या दगडासाठी राखून ठेवावा, आणि मुलांच्या प्रश्नांची उत्तरे आपल्याला ठाऊक नसली तरी त्यांना गप्प बसवू नये.